एलीशामामांची पाठमोरी खुर्ची

एलीशामामा देवळात स्वतःची खुर्ची घेऊन येतात. लोखंडी, घडीची, एका पायाला रबर नसलेली. सुरतेत पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या पॅकिंगच्या गाळ्यांवर, तिसऱ्या मजल्यावर आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा हॉल आहे. लिफ्ट नाही. सत्तरी ओलांडलेला हा माणूस दर रविवारी ती खुर्ची खांद्याला अडकवून तीन जिने चढतो. हॉलमध्ये चांगली लांब बाकं आहेत. पण बाक फिरवता येत नाही, आणि मामांना फिरायचं असतं. बाई शिकवायला उभी राहिली की मामा उठतात, खुर्ची गर्रकन वळवतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. बाईंना पाठ, चपलांच्या ढिगाला तोंड.

नवे पाहुणे मला विचारतात, "यांना काही त्रास आहे का?" मी मंडळीचा सेक्रेटरी. मी म्हणतो, "तत्त्व आहे." त्रास आम्हाला आहे, हे बोलत नाही. न बोलणं हीच माझी आयुष्यभराची कमाई. ते पुढे येईलच.

मामा मूळचे नंदुरबारकडचे. सुरतेत चाळीस वर्षं त्यांनी कापड तपासलं. मागावरून उतरलेला कापडाचा ताका खालून दिवा लावलेल्या काचेवरून ओढायचा, सुटलेला धागा किंवा तेलाचा ठिपका दिसला की खडूने फुली मारायची आणि अहिराणीत ओरडायचं, "डाग शे!", म्हणजे डाग आहे. नोकरी सुटली, खडू सुटला, आरोळी राहिली. नाताळची चांदणी दोन बोटं कलली, डाग शे. पाळकांनी आशीर्वाद देताना एक शब्द गिळला, डाग शे. एका लग्नात नवरीने शपथ जरा मोठ्याने म्हटली, त्यातही यांना डाग दिसला. एखादी गोष्ट पसंत पडली तर ते गुजरातीत "चोख्खं" म्हणतात. ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलंय. त्याबद्दलही पुढे.

मामा जिच्याकडे पाठ करून बसतात ती बाई म्हणजे शालिनीबाई. महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्या, गोडादऱ्यात राहतात, उंची पावणेपाच फूट. पण शास्त्र, म्हणजे बायबल, असं उलगडून दाखवतात की कामरेजहून माणसं दोन रिक्षा बदलून ऐकायला येतात. "घाई नको बाळांनो, परत वाचा," हे त्यांचं पालुपद. साठीतले काकासुद्धा मुकाट परत वाचतात.

मामांना नेमके ते काका खुपतात. बाईने लहान पोरांना शिकवावं, बायकांना शिकवावं, मिशीवाल्याला शिकवू नये. बायबलातल्या एका पत्रात प्रेषिताने तसं लिहून ठेवलंय. शालिनीबाई एकदा अगदी शांतपणे म्हणाल्या, "मामा, ते पत्र कोणाला आणि कशापायी लिहिलं, तेही बघायला हवं ना?"

मामा दाराकडे बघतच म्हणाले, "मी ते मला आल्यासारखं वाचतो. पाकिटावरचा पत्ता तुम्ही बघा."

मंडळीचा कारभार बघणारे आम्ही पाच पंच, मामाही त्यांतलेच. आम्ही या वादावर जो तोडगा काढला तो काचेच्या कपाटात ठेवावा असा आहे. शालिनीबाईंनी 'संदेश' द्यायचा नाही, 'साक्ष' द्यायची. संदेश म्हणजे पाळक देतात तो उपदेश. साक्ष म्हणजे देवाने माझं काय भलं केलं ते पाच मिनिटांत सांगून खाली बसणं. त्यामुळे आमच्या पत्रिकेवर दर रविवारी छापलेलं असतं: साक्ष, पंचेचाळीस मिनिटं. शिवाय त्यांनी व्यासपीठावर चढायचं नाही. मामांनी स्वतः टेप लावून व्यासपीठ मोजलं. नऊ इंच. त्या नऊ इंचांखाली बाई उभ्या राहिल्या आणि मागच्यांना दिसेनाशा झाल्या. मग मागचे पुरुष उभे राहिले. मामांनी लगेच तक्रार केली की पुरुष बाईला उभं राहून मान देतात.

आमच्यात पुरोगामीही आहेत. त्यांचा म्होरक्या विल्सन. "आपण कोणत्या जमान्यात राहतो?" यावर तो पंचांच्या बैठकीत वीस मिनिटं तावातावाने बोलला. बैठक त्याच्याच घरी होती. तेवढ्या वेळात त्याची बायको चारदा चहा घेऊन आली, आणि चौथ्यांदा त्याने मान न वळवता कप पुढे करून सांगितलं, "साखर कमी आहे गं." समानता तेवढ्यापुरती थांबली आणि साखर आल्यावर पुन्हा सुरू झाली.

मग कोणीतरी शालिनीबाईंचा पाठ फोनवर टेप करून पाठवला. तो पार नवापूरपर्यंत फिरला. मामा खवळले. त्यांनी ठराव आणला, आम्ही माना डोलावल्या: बाईंचं शिकवणं टेप करायचं नाही. तेव्हापासून दारात फोन जमा होतात. मामांनी मात्र एक जाड वही आणायला सुरुवात केली. पाठ वळवली की वही मांडीवर, पेन्सिल हातात, सबंध वेळ खरडणं चालू. आम्ही ओळखलं, डाग टिपतायत. एक दिवस यादी बाहेर येणार.

या फेब्रुवारीत ती वेळ आली. जिन्यात मला थांबवून म्हणाले, "सेक्रेटरी, अर्ज लिही. ही साक्षबिक्ष बंद. येत्या बैठकीत मांडू. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिला. आता मात्र मला ते सांगायलाच हवं, जे मी वीस वर्षं गिळून बसलोय.

असाच एक कागद मी पूर्वी लिहिला होता. मामांची बायको, मार्थामामी, तेव्हा रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायची. आमच्या मंडळीत तिच्यासारखं शिकवणारं कोणी झालं नाही. मी स्वतः पाच वर्षं तिच्यासमोर बसलोय. देव रागावलेला नसतो हे मला तिने शिकवलं. पण त्या मुलांना मिशा फुटल्या, आणि दोघा पंचांना तत्त्व आठवलं. पंचाच्याच घरात डाग, असं कोणीतरी मामांना ऐकवलं. झालं. मामा स्वतः ठराव घेऊन उभे राहिले. मी नवा सेक्रेटरी. एक वाक्य बोललो असतो तर अडला असता. मी बोललो नाही, सुंदर अक्षरात लिहून दिला. मामांनी तो कागद खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाले, "चोख्खं." खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मार्थामामी त्यानंतर तो जिना चढली नाही. गुडघे, असं आम्ही सगळे म्हणतो. गुडघे नंतर गेले.

तर, नवा अर्ज घेऊन सहीसाठी मी रविवारी दुपारी मामांच्या घरी गोडादऱ्याला गेलो. दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला, "घाई नको बाळांनो, परत वाचा."

आवाज मामांचा होता.

मी तिथेच उभा राहिलो. पलंगावर मामी, पायांवर चादर, मांडीवर उघडं शास्त्र. समोर मामा, हातात ती जाड वही, शाळेत मास्तर उभा राहतो तसे ताठ. वहीत डाग नव्हते. शालिनीबाईंचा सकाळचा पाठ होता, पहिल्या शब्दापासून. बाई जिथे खोकल्या तिथेसुद्धा मामा खोकले.

मध्येच मामींनी बोट वर केलं. "थांबा. डाग शे."

"कुठे?"

"हाई तिनं नई. तुमनं शे." हे तिचं नाही, तुमचं आहे.

मामांनी वही डोळ्यांजवळ नेली, मग खाली केली. "एकच ओळ घातली मी," ते पुटपुटले.

"खोडा ती."

खिशातून पेन्सिल काढून त्यांनी ती ओळ खोडली. मग मामींनी विचारलं, "असं बोलताना ती हात कसे करते?"

"मला काय माहीत? माझी पाठ असते."

एवढ्यात मामींनी मला पाहिलं. वीस वर्षांत मी त्या घरी गेलो नव्हतो, पण त्यांना ओळखायला क्षण लागला नाही. "सेक्रेटरी ना तू? ये, बैस. धडा चालू आहे." मी खाली बसलो, वर्गात बसायचो तसा, मांडी घालून. पन्नाशीत मांडी लवकर मोडत नाही, तरी घातली.

"काय आणलंस?" मामींनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "अर्ज," मी म्हणालो. "शालिनीबाईंचं शिकवणं बंद करायचा. मामांची सही हवी." आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, "मामी, तुमचा वर्ग बंद केला तो ठरावही मीच लिहिला होता."

"माहीत आहे. अक्षर मीच शिकवलं होतं ना तुला." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "करा सही. पुढच्या रविवारी मला काय वाचून दाखवणार, ते तेवढं सांगा. तुमचे विचार?"

मामांनी अर्ज घेतला. खिडकीशी गेले, उजेडाला धरला. बराच वेळ बघत राहिले. एवढं तर त्यांनी आयुष्यात कुठल्या ताक्याकडे पाहिलं नसेल.

"डाग शे," ते म्हणाले.

"कुठे, मामा?"

"आहे. परत लिहून आण."

तेव्हापासून मी तो अर्ज सात वेळा लिहिला आहे. प्रत्येक वेळी त्यात डाग निघतो. मागे घेतो, हा शब्द त्यांनी उच्चारलेला नाही, उच्चारणारही नाहीत. खुर्ची अजून फिरते. बैठकीत विल्सनने विचारलं, त्या अर्जाचं काय झालं? मामा गुरकावले, "तपासणी चालू आहे."

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर जिन्यात त्यांनी मला गाठलं. खुर्ची खांद्याला, नजर भिंतीकडे.

"तू समोर बसतोस," ते म्हणाले. "ती हात कसे करते?"

मी माझा उजवा तळहात उघडून पुढे धरला, चिमणीला दाणे टाकावेत तसा. "असा. मामी करायच्या ना, तसा."

मामांनी खुर्ची पायरीवर टेकवली, वही काढली आणि ते लिहून घेतलं.