पुंडलिक मास्तरांची खरी सीडी

पुंडलिक मास्तरांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नाही, परीक्षा मिळते.

"या, बसा. कान आनले का?"

आपण हो म्हणेपर्यंत त्यांनी सीडी प्लेयरवर टॉवेल टाकलेला असतो. आत कुठली सीडी जाते ते आपल्याला दिसू नये म्हणून. मग एक ट्रम्पेट सुरू होतो. अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा. दोन मिनिटांनी तो थांबतो, टॉवेलखाली हात जातो, दुसरी सीडी लागते, आणि पुन्हा तोच ट्रम्पेट, तीच धून.

"बोला. खरी कोनती?"

आपल्याला दोन्ही सारख्याच वाटलेल्या असतात. तसं सांगितलं की मास्तर खेदानं मान हलवतात. "कानाची नुस्ती जागा हाय. मधात कान नाई. खतम गोष्ट." मग चहा येतो, पण तो नापास माणसाचा चहा, अर्धाच कप.

या परीक्षेला दूधवाला बसलेला आहे, मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा बसलेला आहे. लग्नाच्या बँडची सुपारी द्यायला आलेले मुलींचे बापही सुटलेले नाहीत. त्यातल्या एकानं चुकून बरोबर उत्तर दिलं, तर मास्तर त्याच्या मांडवात स्वतः ट्रम्पेट घेऊन गेले आणि सगळ्यात पुढे चालले.

मी मंगरूळपीरच्या कृषी कार्यालयात बदलून आले आणि मास्तरांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. पहिल्याच संध्याकाळी नापास झाले. मला नापास व्हायची सवय नाही, त्यामुळे ते मला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पुन्हा नापास झाले. नंतर रोजच जाऊ लागले. त्या अर्ध्या कपाची मला चीड यायची, हे खरं कारण.

मास्तर अडुसष्ट वर्षांचे आहेत. अंगानं काडी, पण गाल असे कमावलेले की फुगवले तर चेहरा निराळाच दिसतो. थंडीत घरातही बँडचा लाल कोट घालून बसतात. एके काळी त्यांच्या बँडमध्ये अठरा माणसं होती, आता सहा उरली आहेत. बाकीचं काम डीजेनं खाल्लं. डीजेचा विषय निघाला की मास्तर एवढंच म्हणतात, "तो आवाज नाई, धक्का हाय."

तर असा हा आमचा वरातीचा बँडमास्तर घरी जाझ ऐकतो. त्यातही एकच अल्बम. तो वाजवणाऱ्याचं नाव मास्तर घेत नाहीत, कारण गुरूचं नाव घेऊ नये. ते 'अमेरिकेतले मास्तर' म्हणतात. मी आले तेव्हा त्याच अल्बमच्या तीन सीड्या घरात होत्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांनी पुन्हा काढलेल्या. मला वाटायचं, सीडी म्हणजे सीडी. मास्तरांनी माझं अज्ञान दूर केलं.

"हे पाहा, हे आपल्या देशात छापेल. हिच्यात ढोलवाला मालेगावात बसला हाय. हे जपानी. हिच्यात तो आपल्या गावच्या दर्ग्यापाशी आला. अन् हे सोनेरी. हिच्यात तो सरळ मांडीवरच येऊन बसला. येवढी सलगी बरी नाई, मॅडम."

मी एकदा म्हटलं, मास्तर, हे सगळं मोबाईलवर फुकट ऐकता येतं.

"फुकट तं डीजेही आइकू येते. म्हनून आइकाचा का?"

कृषी कार्यालयानं मोबाईल पर्समध्ये ठेवला.

हे खूळ त्यांना लागलं ते पंचविशीत. नागपूरला जुना ट्रम्पेट घ्यायला गेले होते. विकणाऱ्यानं पेटीसोबत एक कॅसेट टाकली, तबकडीवरून उतरवून घेतलेली. घरी येऊन ऐकली आणि मास्तर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपल्या बँडचा सूर आजपासून हा.

"पण तुम्हाला त्यात एवढं आपलं काय वाटलं?" मी विचारलं होतं.

मास्तर जरा गंभीर झाले. "तेयच्या देशात तेयच्यासारख्या काळ्या लोकायले हॉटेलात वाजवू देत, पन आत घेत मांगच्या दारानं. आमालेही मांडवात वाजवू देत, अन् जेवाले बसवत मांडवाच्या मांगं. मंग तो मानूस परका कसा?"

आता कॅसेट आणि ट्रम्पेट एका सुरात जुळेनात. कॅसेटचा सूर केसभर वर होता. मास्तरांनी ट्रम्पेटची नळी आत ढकलली, तरी पुरेना. तेव्हा हा माणूस लोहाराकडे गेला आणि नळी कापून आणली. वाद्य आखूड झालं की सूर चढतो. मग एकेक करत बँडमधली एक सोडून सगळी वाद्यं त्या कॅसेटबरहुकूम कापली, घासली, ताणली गेली. मंगरूळपीर तालुक्यात दोन पिढ्यांची लग्नं अशी केसभर वरच्या सुरात लागली, आणि कोणाचंही काही बिघडलं नाही.

बिघडलं फक्त जब्बारभाईंचं.

जब्बारभाईंबद्दल मला कळलं ते एका कॅलेंडरमुळे. मास्तरांच्या भिंतीवर बँडचा जुना फोटो आहे आणि त्या फोटोतल्या बरोबर एका माणसावर कॅलेंडर लटकवलेलं आहे. मी एक तारखेला पान उलटताना त्याला पाहिलं. हातात क्लॅरिनेट घेतलेला, हसरा, मास्तरांच्या खांद्याला खांदा लावून उभा.

"हा कोण?"

"कोनी नाई," मास्तर म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास त्याच्याबद्दलच बोलले.

जब्बारभाई शिरपूर जैन या गावचे. वाजवायला बसले की मास्तरांचा श्वास कुठे संपणार हे त्यांना आधी कळायचं आणि ते तिथून सूर उचलायचे. वीस वर्षं दोघांनी एकत्र वाजवलं. पण जब्बारभाई पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत, "मास्तर, कॅसेट चढेल हाय. तो मानूस इतक्या वर वाजवतच नसन. मशीनची गडबड हाय." बाकी सगळ्यांनी वाद्यं कापली, त्यांनी कापलं नाही. ओठांनी दाबून कसंबसं जुळवून घेत राहिले.

बावीस वर्षांपूर्वी इंझोरीला एका वरातीत हे प्रकरण फुटलं. नवरदेव घोड्यावर बसलेला, लोक नाचताहेत आणि मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला.

"जब्बार, तू खाली हाय. आजच्या आज ते लाकूड काप."

"अब्बाची निशानी हाय, मास्तर. आरी नाई लावनार. तुमची कॅसेटच गलत हाय."

"अमेरिकेतला मानूस चुकला अन् शिरपूरचा बरोबर? मंग ते क्लॅरिनेट घरी ठेव, अन् तूही घरीच राह्य!"

जब्बारभाई क्लॅरिनेट काखेत घेऊन सडकेकडे चालू लागले. त्यानंतर ना त्यांनी बँडमध्ये पाय ठेवला, ना मास्तर शिरपूरला गेले.

"त्याले कान होता," मास्तर म्हणाले. "पन अक्कल नव्हती. खतम गोष्ट."

गोष्ट खतम झालेली नव्हती, हे गेल्या वर्षी कळलं. नवी सीडी निघाली होती आणि ती मीच माझ्या मोबाईलवरून मागवून दिली. आत एक पुस्तिका होती, इंग्रजी. मास्तर म्हणाले, वाचा. मी वाचत वाचत मराठीत सांगू लागले. मूळ ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी एक यंत्र किंचित हळू चाललं होतं. हळू भरलेलं नेहमीच्या वेगानं वाजवल्यामुळे आजवरच्या सगळ्या प्रतींत पहिल्या बाजूच्या धुना किंचित वेगानं वाजतात आणि केसभर वरच्या सुरात ऐकू येतात. ती चूक आता प्रथमच दुरुस्त केली आहे.

मी वाचायची थांबले. मास्तरांचा चेहरा असा झाला होता की मला ती पुस्तिका गिळून टाकावीशी वाटली.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"खोटं हाय. दुसऱ्या कंपनीचं मागवा."

दुसऱ्या कंपनीचं मागवलं. त्यातही तेच. तिसऱ्या कंपनीचं मागवलं. त्यातही तेच, वर यंत्राचा फोटो. आता घरात जुन्या सुराच्या तीन आणि नव्या सुराच्या तीन अशा सहा सीड्या झाल्या. मास्तरांनी जाहीर केलं की सामना बरोबरीत आहे, सातवी ठरवील. गल्लीतल्या परीक्षा दुप्पट झाल्या. दूधवाला दूध दारातच ठेवून पळू लागला. आणि मला उशिरानं का होईना, कळलं. या माणसाला चांगली सीडी नको होती, साक्षीदार हवा होता. बावीस वर्षांपूर्वी आपण बरोबर होतो असं सांगणारा कोणीतरी, मग तो मीटरवाला का असेना.

मला राग आला. मी माणसांवर रागावते तेव्हा मला ती आवडत असतात.

"मास्तर," मी म्हटलं, "या तालुक्यात कोणालाच कान नाहीत असं तुम्हीच म्हणता. मग कान आहेत त्याला जाऊन विचारा ना."

मास्तर उठून सीडीच्या डब्या लावू लागले. पण रविवारी सकाळी बघते तर जिन्याखाली लाल कोट घालून उभे. सीडी प्लेयर सतरंजीत गुंडाळलेला, खांद्याला ट्रम्पेटची पेटी.

"ट्रम्पेट कशाला?"

"बस चुकन," मास्तर म्हणाले.

शिरपूरला मंदिराच्या रस्त्यावर जब्बारभाईंचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. पांढरी दाढी, चष्मा, गळ्यात टेप. त्यांनी मास्तरांना पाहिलं, मशीनवरची पॅन्टची शिवण शेवटपर्यंत नेली, धागा तोडला आणि मग म्हणाले, "या, मास्तर. काय शिवाचं हाय?"

"प्लग कुठी हाय?"

"लाइटच्या बटनाखाली."

मास्तरांनी प्लेयर मांडला, वर टॉवेल टाकला. आधी जुनी सीडी लावली. मग नवी लावली. जब्बारभाई मान खाली घालून ऐकत होते. दुसरीचे चारच सूर झाले असतील.

"पहिली चढेल हाय," ते म्हणाले. "हे खरी."

गल्लीभर सगळ्यांना नापास करणारे मास्तर टॉवेलची घडी घालू लागले. मग म्हणाले, "चूक मायी होती, जब्बार. तू तवाही बरोबर होता."

'चूक' आणि 'मायी' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून शेजारी शेजारी मी कधी ऐकले नव्हते. मी रस्त्याकडे बघू लागले.

जब्बारभाई उठले. वरच्या फळीवर अस्तराच्या कापडांमागे एक पेटी होती, ती त्यांनी काढली. क्लॅरिनेटचे तुकडे जोडले आणि गळ्यातला टेप काढून मास्तरांच्या हातात दिला.

"माप घ्या."

मास्तरांना माप घ्यायची गरज पडली नाही. तोंडाखालचा लाकडी तुकडा आखूड होता. कापलेली कड नीट घासून गुळगुळीत केलेली होती.

"कापला?" मास्तरांनी क्लॅरिनेट हातात घेतला. "कवा?"

"दुसऱ्याच हप्त्यात. वाटलं, तुमी बोलावसान. नाई बोलावलं तं मीच आलो मंगरूळले. स्टँडवर आइकलं का तुमी दुसरा क्लॅरिनेटवाला ठेवला. तसाच वापस फिरलो."

"मंग इतके वर्षं कोनासंगं वाजवलं?"

"कोनासंगं वाजवाव, मास्तर? हे आता कोनाच्याच सुरात बसत नाई. तुमच्याशिवाय."

बाहेर पॅन्ट न्यायला आलेला एक माणूस चप्पल काढून पायरीवर बसला.

मास्तर बराच वेळ त्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. मग त्यांनी नवी सीडी काढून डबीत ठेवली आणि जुनी, चढलेली, पुन्हा प्लेयरमध्ये घातली.

"खरी हेच," ते म्हणाले.

"मास्तर, पण आत्ताच तर..."

"अमेरिकेत असन ते खरं, मॅडम. इथं आमी दोघंही वाद्यं कापून बसलो. आमच्यापुरती हेच खरी. खतम गोष्ट."

त्यांनी ट्रम्पेट काढला. जब्बारभाईंनी जुनी, वाळलेली रीड ओठांत धरून ओली केली. पहिल्या प्रयत्नात क्लॅरिनेट नुसता किंचाळला. दुसऱ्यात फुसकन हवा गेली. भर वरातीत बँड थांबवणारे मास्तर दर वेळी काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते. पाचव्या वेळी दोघांचा सूर लागला. तो केसभर वर होता की नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही. जब्बारभाईंनी डोळे मिटून घेतले होते. मास्तर मात्र डोळे टक्क उघडे ठेवून सारखे जब्बारभाईंकडेच बघत होते. हा पुन्हा उठून सडकेकडे चालू लागेल, अशी धास्ती वाटत असावी त्यांना.