शेखररावांचं मागचं चाक

घरच्या घरी विमान बांधायला शेखररावांना चार वर्षं लागली, आणि त्याचं मागचं चाक ठरवायला पाच महिने. पुढची दोन चाकं बिचारी मुकाट फिरतात. पण शेपटीखालचं हे वीतभर चाक! ते स्प्रिंगा-साखळ्यांनी पायाखालच्या पेडलला जोडायचं, की मोकळं सोडून नुसत्या ब्रेकांवर विमान वळवायचं? हा प्रश्न त्यांनी अमरावतीच्या राजापेठेत इतक्यांना विचारला, की ते समोरून दिसले तर लोक गल्ली बदलत.

शेवटी पत्नी गीतांजलीबाईंनीच निकाल लावला. "दसऱ्यापावतर सरळ चालवून दाखवा. नाई तं भंगारवाल्याले देते. मले शेड मोकळं पायजे!"

शेखररावांनी तडक अकोला गाठलं. तिथल्या अब्दुल सत्तारभाईंची उभी हयात हातगाड्या बनवण्यात गेली होती. "मोकळं कायले सोडता भाऊ? स्प्रिंगा लावा," ते म्हणाले, आणि स्वतः अमरावतीला येऊन लावूनही गेले. इतका भला माणूस शेखररावांनी दुसरा पाहिला नव्हता.

उडवायची परवानगी अजून लांब होती. आधी जमिनीवर पळवायचं. गावाबाहेर मित्र शालिकरामच्या शेतालगतच्या पडीक पट्ट्यावर चार दिवस सराव झाला. विमान डावीकडे जाई. मग शेखरराव उजवा पाय असा काही दाबत, की ते थेट त्याच्या झेंडूत! (शालिकरामने एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त पाचव्या दिवशी झेंडू तोडून घेतला.)

दसऱ्याला गीतांजलीबाईंनी विमानाला हळदकुंकू वाहिलं, तिन्ही चाकांना हार घातले. शेखररावांनी देवाचं नाव घेऊन इंजिन सुरू केलं. आणि काय आश्चर्य! विमान सुतासारखं सरळ गेलं आणि पट्ट्याच्या टोकाला अदबीने थांबलं. टाळ्या पडल्या. शेखररावांनी खाली उतरून लगेच व्याख्यान सुरू केलं, "सगळा खेळ पायाच्या हलक्या स्पर्शाचा असतो..."

"भाऊ," खास अकोल्याहून आलेले सत्तारभाई शेपटीपाशी वाकून हळूच म्हणाले, "जरा इकडं या."

मागच्या चाकाचा हार दोऱ्यात नव्हे, नायलॉनच्या दोरीत ओवला होता. ती दोरी चाकाच्या चिमट्यातून, सांगाड्यातून फिरवून दोन गाठी मारल्या होत्या. चाक पुढे फिरत होतं, पण डावी-उजवीकडे तसूभरही वळू शकत नव्हतं.

"हे कोनं केलं?" शेखररावांनी गाठी चाचपत विचारलं.

"मीनं," गीतांजलीबाई म्हणाल्या. "चार दिवस बांधावरून पाहून राहिली होती. मुदत मीच देल्ली. आता तुमची चार वर्षांची मेहनत मीच भंगारात घालू का?"

शेखररावांना गहिवरून आलं. ही बाई आपल्याला मिळाली, याबद्दल कोणाचे आणि किती आभार मानावेत, ते त्यांना कळेना. "गीता, तू..."

"रडू नका, लोक पाहून राहिले. अन् यात नवं काय हाय? सप्तपदीत बी तुमी तिसऱ्याच पावलाले भलतीकडं वळले होते. तवा बी गाठीनंच सरळ चालवलं तुमाले!"