सगळ्यात लहान आकडा

"फक्त आकडा बघ," ब्लांशनं दारातून नवऱ्याला पुन्हा बजावलं. "फ्रीजरवर चिठ्ठी चिकटवलेली असते. वर्षाला किती वीज खाणार ते त्यावर छापलेलं असतं. आकडा लहान, तर बिल लहान."

"मला शिकवू नकोस," म्हणत अँब्रोज पिन्सेंटनं पिकअप शहराच्या रस्त्याला लावली.

घाईला कारण होतं. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर मूस मारायच्या परवान्याची सोडत निघते, आणि कित्येक वर्षांनी अँब्रोजचं नाव लागलं होतं. घोड्याहून दांडगं ते जनावर कापून, कागदात बांधून शेडमध्ये तयार होतं. नवराबायकोचं अख्ख्या हिवाळ्याचं जेवण. आणि नेमका आदल्या दिवशी जुन्या फ्रीजरनं राम म्हटला होता. त्यात ऑक्टोबर असूनही हवा उबदार. शेडच्या दाराशी माश्या घोंघावू लागल्या होत्या.

दुकानात अँब्रोजनं चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचली. मोठ्या फ्रीजरांचे आकडे मोठे. कोपऱ्यातल्या एकाचा मात्र इतका लहान, की त्याला छापण्यात चूक वाटली.

"काका, हा जरा..." विक्रेती मुलगी सांगायला गेली.

"हाच," अँब्रोज म्हणाला. बाई मशीनबद्दल बोलू लागली की काही पुरुषांचे कान आपोआप बंद होतात. अँब्रोज त्या जमातीचा म्होरक्या होता.

येताना धक्क्यावर गाडी थांबवून त्यानं मेहुण्याला, सिरिलला, टोमणा मारला, "तुझा फ्रीजर वीज पितो, सिरिल. माझा नुसता वास घेईल."

घरी ब्लांशनं खोकं उघडलं. "हे काय? मांजराची शवपेटी आणलीस?"

"आकडा वाच आधी!"

तिनं वाचला. मग चष्मा पुसून खालचं बारीक वाचलं. "अरे, ही तुलना एवढ्याच मापाच्या फ्रीजरांशी आहे. तो बाण बघ, पार टोकाला. म्हणजे आपल्या भाऊबंदांत हा सगळ्यात खादाड!"

"पण आकडा तर लहान..."

"उंदीर बैलापेक्षा कमीच खातो. म्हणून काय त्याला गाडीला जुंपशील?"

खरं तर ज्यानं आकडा वीतभर आणि खुलासा मुंगीएवढा छापला, त्याला त्या फ्रीजरात कोंबायला हवं होतं. पण तोही मावला नसता. मूसची एक तंगडी आत गेली आणि झाकण उघडंच राहिलं.

दुकान तोवर बंद झालं होतं, आणि पुढे आभाराच्या सणाची सुट्टी. ती संपेपर्यंत मांस टिकणं शक्य नव्हतं.

"गावात जा," ब्लांश म्हणाली. "फ्रीजरात जागा माग."

अँब्रोजचा चेहरा पडला. या माणसानं शेजाऱ्याकडून कधी चिमूटभर मीठ घेतलं नव्हतं. "त्यापेक्षा सडू दे."

"सडव. हिवाळाभर तूच खा मग."

शेवटी पाठीवर मांस टाकून तो समोरच्या एफीमावशीकडे गेला. ही एफी वॅचर विधवा, एकटी राहणारी. तिला सगळा गाव मावशी म्हणे.

"अगं बाई, आण की पोरा! विचारतोस काय?" मावशी म्हणाली. पण तिचाही फ्रीजर गच्च होता. मग तिनं कॉड माशाच्या जिभा आणि रानबेरीचे डबे काढून अँब्रोजच्या हातात कोंबले. "हे तुम्ही संपवा. तेवढीच जागा होईल."

सिरिल दारातच हसत उभा होता. "या साहेब! आमचा दारुडा फ्रीजर चालेल ना तुम्हाला?" आणि जागा करायला त्यानंही ससे आणि स्क्विड मासे अँब्रोजच्या गळ्यात मारले. पाद्रीबाईंनी तर अख्खी टर्की दिली. संध्याकाळपर्यंत मूस घराबाहेर गेला, आणि स्वयंपाकघरात तेवढाच ढीग पाणी गाळत पडला.

"आता याचं काय करायचं?" अँब्रोज ओरडला.

ब्लांशनं शेगडीचे सगळे बर्नर पेटवले. "जेवायला बोलाव."

"कुणाला?"

"ज्यांचं आहे त्यांना!"

लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. दणकून जेवले. शेवटी अँब्रोज उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"घसा शेकून घे रे," सिरिल म्हणाला. "गोठलाय."

"उपकार झाले तुमचे," अँब्रोज एकदाचा बोलला. "सगळ्यांचे."

"पुन्हा म्हण," एफीमावशी म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

तो पुन्हा म्हणाला. या वेळी सोपं गेलं.

त्यानंतर दर रविवारी तो मावशीकडे मांस न्यायला जाई. नुसता तुकडा घेऊन निघायची सोय नव्हती. चहा व्हायचा, पाव व्हायचा, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या होडीची गोष्ट व्हायची. मधल्या काळात अँब्रोज चिठ्ठ्यांचा पंडित झाला होता. आधी आपल्याला लागेल ते माप ठरवा, मग त्या मापात लहान आकडा शोधा, हे तो गावात ज्याला त्याला गाठून सांगे. लहान फ्रीजर परत करून त्यानं मोठा ठरवला होता. पण हव्या त्या आकड्याचा मागवावा लागला, म्हणून तो बर्फ पडल्यावर येणार होता.

"मावशी, पुढच्या आठवड्यात फ्रीजर येतोय," एका रविवारी तो दारातूनच म्हणाला. "सगळं नेतो. तुझी जागा मोकळी होईल."

मावशीनं किटलीखालची आच कमी केली. "सगळं?"

"सगळं."

तिनं फळीवरून दोन कप काढून टेबलावर ठेवले. "रिकामा फ्रीजर जास्त वीज खातो म्हणतात, अँब्रोज. माझं बिल वाढेल."

दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून आत ठेवलं की भागतं, हे अँब्रोजला चांगलं ठाऊक होतं. कालच त्यानं ते सिरिलला तासभर समजावलं होतं.

"फार वाढेल, मावशी," तो म्हणाला, आणि बूट काढून आत आला.