निघता निघेना ते कडं

घाईबाईचं कडं पुरं झालं तेव्हा शाळेचं कला-प्रदर्शन उघडायची वेळ होत आली होती. दहावीतल्या या मुलीचं खरं नाव हजेरी घेतानाच काय ते ऐकू यायचं. माप चुकायला नको म्हणून तिने पितळी पट्टी थेट स्वतःच्या डाव्या मनगटाभोवती वळवली, टोकावर टोक आणलं, हाताला मार बसू नये म्हणून खाली लोखंडाची चपटी पट्टी सारली आणि मैत्रिणीकडून टोकांच्या भोकांत रिव्हेटचा बारीक खिळा ठोकून घेतला. सांधा असा काही बसला की दोघी बघतच राहिल्या.

"आता काढ," मैत्रीण म्हणाली.

घाईबाईने अंगठा तळव्यात दुमडला, साबण चोळला, दात-ओठ खाल्ले. कडं अंगठ्याच्या मुळाशी येऊन हटून बसलं.

"कानशीने घासून तोडूया?"

"आणि मांडू काय, तुकडे?" घाईबाईला रडू फुटायचं बाकी होतं. त्या पट्टीवर वेल कोरण्यात तिच्या कितीतरी मधल्या सुट्ट्या गेल्या होत्या. एवढी एकच गोष्ट तिच्या हातून धड झाली होती.

"चला, परीक्षक आले," दाराबाहेर चित्रकलेच्या बाईंचा आवाज आला.

घाईबाई प्रदर्शनाच्या टेबलाखाली शिरली. दोन टेबलांमधल्या फटीतून तिने हात वर काढला आणि मैत्रिणीने कोपराभोवती मखमली कापड नीट सारखं केलं.

परीक्षक म्हणजे पिकल्या मिश्यांचे एक सोनारकाका. ते हातापाशी थबकले.

"वा, कडं मांडायला हातपण घडवलाय. नखं कुरतडलेली दाखवलीत, बारकाई आहे. कशाचा केलाय?"

"मातीचा," मैत्रीण म्हणाली.

"भाजलाय?"

"नाही, कच्चाच आहे अजून."

सोनारकाका सांधा बघायला वाकले. त्यांच्या मिश्या तळव्याला लागल्या आणि करंगळी थरथरली.

"फारच कच्चा दिसतोय," असं म्हणत त्यांनी कडं धरून ओढलं. टेबलाखालून "आई गं" ऐकू आलं.

बाईंनी कापड उचललं. "बाहेर ये."

घाईबाई गुडघे झटकत बाहेर आली. "ते निघत नाहीये, बाई," ती खालमानेने म्हणाली.

"बघू," म्हणून सोनारकाकांनी टेबलावरची पक्कड घेतली. सांध्यात टोक घालून पिळलं, दुसऱ्या बाजूने पिळलं, मग कोट काढून ठेवला आणि पुन्हा पिळलं. शेवटी त्यांनी घाम पुसला.

"ठोकलं कुणी हे?"

"मी," मैत्रीण पुटपुटली. "हिने भोकं पाडली."

"माझ्या दुकानातली कडी सांधा उचकटून परत येतात, आणि हे मला उघडत नाही," काका तक्रार केल्यासारखे म्हणाले. "पहिलं बक्षीस. दोघींना."

वर्गाच्या दारात जमलेल्या मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "बक्षिसाची वस्तू संध्याकाळपर्यंत टेबलावरून हलत नसते. कापायचं ते नंतर."

मग खुर्ची आली, कोपराखाली उशी आली. अख्खी शाळा त्या हातापुढून रांगेने गेली. मुख्याध्यापकसुद्धा कमरेत वाकून बघून गेले, आणि घाईबाईने त्यांना बसल्या जागेवरून मान लववली. पाचवीतल्या एका पोराने बोट पुढे केलं, तशी मैत्रीण जरबेने म्हणाली, "वस्तूला हात लावायचा नाही," आणि वस्तूच्या तोंडात तिने आणखी एक बिस्कीट घातलं.