भरमूची सुट्टी

"अमावास्येला आठच्या आठ माग एकदम बंद? आत्या, येडेपणा हाय ह्यो!"

धवलनं वडगावात येऊन चौथ्याच दिवशी हे ऐकवलं. आणि कुणाला? तीस वर्षं साडीचे माग चालवणाऱ्या सोनाबाईला! हा कोण? तर बारा नव्या अणुवीज केंद्रांचं वेळापत्रक आखणारा. एका वेळी एकच केंद्र दुरुस्तीला बंद, बाकी अकरा चालू. दुरुस्तीची टोळी एकच, ह्या केंद्रावरनं त्या केंद्रावर. आराखडा पास झाला तरच नोकरी कायम. तो पास व्हायच्या आधीच यानं आत्याच्या मागांवर लावला. रोज एकच माग बंद ठेवायचा म्हणे!

"आन् अमावास्येची पूजा?"

"ज्या मागाची पाळी, त्याची कर की!"

भरमू मिस्त्री बोरगावहून महिन्यातनं एकदा, अमावास्येलाच येई. सगळे माग थंड. एका दिवसात तेलपाणी, दुरुस्ती, नारळाचा प्रसाद, की चालला घरी. आता त्याला सलग आठ दिवस मुक्कामाला बोलावलं. पाचव्या दिवशी अमावास्या आली, तसा त्यानं पान्हा आपटला.

"मला बायकापोरं हायत का न्हाईत रं?"

धवलला ऐकायला वेळ कुठाय? त्याची ऑनलाइन मीटिंग होती, आराखडा पास करायची. दर अमावास्येला घर कसं गप्प असायचं. आज सात माग खडाखडा. पत्रे हादरतायत, फोनवर त्याच्या वरिष्ठ मॅडम ओरडतायत, "धवल, काही ऐकू येत नाही!"

धवल दारातनं किंचाळला, "आत्या, सगळे एकदम बंद कर!"

माईक चालूच होता. तिकडं बसलेल्या साऱ्या साहेबांनी ते ऐकलं.

सोनाबाईनं मेन स्विच पाडला आणि तणतणत आत आली.

"बाई, तुमीच ह्याच्या मॅडम न्हवं? ह्यानं माझ्या मिस्त्रीला पाच दिस घरी जाऊ दिलं न्हाई. तुमच्या मिस्त्रीस्नी तरी सुट्टी ठेवलीया काय, बघा की!"

मॅडमनी आराखडा वरखाली बघितला. बारा महिने, बारा केंद्रं. एक संपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं. प्रवासालासुद्धा दिवस न्हाई.

"धवल, माणसं आहेत ना ती? महिना देते. पुन्हा आखा."

फोन बंद झाला. धवलनं वही उघडली, आवाज एकदम मऊ.

"भरमू अण्णा, एका मिस्त्रीला वर्षात किती सुट्ट्या धरू?"

भरमूनं पान्हा पिशवीत टाकला, चपला चढवल्या.

"आज मी सुट्टीवर हाय. उद्या इचार."