सुमनमावशीची सहावी ओळ

सुमनमावशी कचऱ्याला आधी नाव विचारते, मग पोत्यात जागा देते.

घाटंजीजवळच्या आमच्या गावात आम्ही बायका महिन्यातून एकदा नाला साफ करतो आणि काय सापडलं ते तक्त्यात भरतो. तक्ता भरून तालुक्याला पाठवायचं काम माझ्याकडे. प्लास्टिक, कागद, काच, लोखंड, कापड अशा छापील पाच ओळी. तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या, फुटक्या बांगड्या, बियाण्याची पाकिटं, सगळं झटपट बसतं. मावशीच्या हाती पिकावरच्या फवारणीची बाटली लागली, की गाडी अडते. ती दगडावर बसकण मारते, दोरीचा चष्मा चढवते आणि लेबल मोठ्याने वाचते. बाटलीला दम भरते, "नाव सांग, मंग बस!"

"प्लास्टिकमंधी टाक नं वो मावशी!" एखादी वैतागते.

"तू टाक. मी नाई टाकत."

एकदा तालुक्याहून साहेब आले. म्हणाले, "आजी, बाटली ती बाटली."

"पान्याची अन् फवारनीची एकाच ओळीत? मंग या दुसरीतून पानी पिऊन दाखवा."

साहेबांनी हातातल्या पाण्याच्या बाटलीला घाईने झाकण लावलं. "तक्त्यात तशी ओळच नाही."

"तं आखा! पट्टी देऊ काय?"

साहेब निघून गेले. तक्ता अर्धवट राहिला म्हणून मीही चिडले होते. शेवटची एक बाटली उरली होती, लेबल धुऊन गेलेली. मी ती पोत्यात टाकायला हात पुढे केला, तर मावशीने ओढून मांडीवर घेतली.

"कपाशीवर बोंडअळी आली त्या साली माह्या भास्करले फवारता फवारता चक्कर आली. माहा लहाना भाऊ. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, औषध कोन्तं होतं? मी धावत वावरात गेली. धुऱ्याबांधावर सापडल्या तेवढ्या बाटल्या पोतंभर नेल्या. डॉक्टर म्हने, बाई, यातली कोन्ती?"

तिने बाटलीवरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"मले सांगता नाई आलं."

मी पिशवीतून पट्टी काढली. पाचव्या ओळीखाली पेन्सिलीने सहावी आखली आणि लिहिलं : फवारणीची बाटली, नाव माहीत नाही, एक.

साहेबांनी ती ओळ खोडून तक्ता परत पाठवला. पुढच्या महिन्यात मी पुन्हा आखली, या वेळी पेनाने.

मावशी चष्म्यातून बघत होती. म्हणाली, "जराशी जाड आख."