चार जुलैपर्यंत ऐकू नकोस

यंदा वेंडल क्रूगरने मार्चमध्येच एक शहाणपणा केला. आपल्या फँटसी बेसबॉलच्या संघाचा पासवर्ड त्याने बायकोच्या हवाली केला आणि लोर्नाला निक्षून सांगितलं, "तू बदलून टाक आणि मला सांगू नकोस. चार जुलैपर्यंत मी काय वाट्टेल ते म्हणेन. ऐकू नकोस."

लोर्ना म्हणाली, "बरं." तीस वर्षांच्या संसारात तिला इतकं सोपं काम त्याने पहिल्यांदाच दिलं होतं.

खेळ असा, की चर्चमधल्या दहा जणांनी कागदोपत्री दहा संघ बांधायचे, खेळाडू मात्र खरेखुरे. दूर कुठेतरी मैदानावर कोणीतरी चेंडू टोलवतो आणि इकडे आयोवात आरामखुर्चीतल्या माणसाची छाती फुगते. सप्टेंबरअखेर जो तळाशी राहील, त्याने चर्चच्या शरदातल्या जेवणात सगळ्यांसमोर एकट्याने गायचं. वेंडलला याची धडकीच भरली होती. तो गायनवृंदात होता खरा, पण तिथल्या बाईंनी त्याला फार प्रेमाने सुचवलं होतं, की तू नुसते ओठ हलवत जा. (अकरा वर्षं तो हलवत होता.)

आणि तळाशी जाण्याची त्याची रीत ठरलेली होती. त्याच्याकडे धीर नावाची चीजच नव्हती. हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा राहून तो दिवसभर लोकांना सांगायचा, दुसरा हात मारा, वाळू द्या, मग बोला. घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान! बँजो तीन महिन्यांत माळ्यावर गेला. अंगणातल्या पेओनीला त्याने तीन वर्षं पाणी घातलं, फूल येईना, म्हणून उपटून शेजारच्या क्लाईडला (खेळातल्या दहांपैकी तोही एक) देऊन टाकली. क्लाईडने ती कोपऱ्यात लावली आणि चक्क विसरून गेला. आता दर मेअखेर कुंपणापलीकडे चाळीस फुलं डोलतात आणि वेंडल त्या बाजूचा पडदा ओढून घेतो. बेसबॉलमध्येही तेच. मे महिन्यात तो खचलेल्या बड्या खेळाडूला काढायचा आणि जूनमध्ये तोच खेळाडू दुसऱ्याच्या संघात बहरायचा.

यंदाचा बडा खेळाडू रेने कारवाल. वेंडलने त्याला सगळ्यात आधी निवडला होता, आणि एप्रिलपासून कारवालच्या बॅटला चेंडू लागेल तर शपथ. मेच्या मध्यावर वेंडलचा संघ दहावा होता. गाणं कोणतं म्हणावं लागेल, या विचाराने त्याचं जेवण कमी झालं.

"त्याच्या खांद्यात काहीतरी बिघडलंय," तो लोर्नाला म्हणाला. "मला कळतं ना. काढ त्याला."

"खांद्याचं काही वाचलं नाही मी. घरी दीड महिन्याचं बाळ आहे, एवढं वाचलं." लोर्नाने मान वर न करता विणकामाचे टाके मोजले. "आपली एमी दीड महिन्याची होती, तेव्हा तू क्लाईडला कुठला रंग ढवळून दिला होतास?"

"तो विषय वेगळा."

(क्लाईडचं जेवणघर आजही जांभळं आहे. त्याने फिकट निळा मागितला होता.)

मग वेंडलने शोध सुरू केला. रोज सकाळी लोर्ना पोहायला गेली, की हा स्वयंपाकघर धुंडाळायचा. तिसऱ्या दिवशी पाककृतींच्या कार्डांची पेटी त्याच्या हातून निसटली आणि शंभरेक कार्डं फरशीवर पसरली. त्याला मुळीच न आवडणाऱ्या कलेजी-कांद्याच्या कार्डामागे पासवर्ड लिहिलेला होता. त्याने कार्डं हाताला येतील तशी भरली, संगणक उघडला आणि कारवालला काढून टाकलं. त्याला एकदम हलकं वाटलं.

त्याच संध्याकाळी कारवालने दोन चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवले.

ताटातला ट्यूना माशाचा कॅसरोल वेंडलने नुसताच चमच्याने इकडून तिकडे केला. बरं नाही का, असं लोर्नाने विचारलं. तो काही नाही म्हणाला. पुढचे दोन दिवस त्याने संगणकावरचा संघांचा तक्ता उघडलाच नाही. खेळाडू गेला याचं दुःख होतंच, पण बायकोच्या पेटीत चोरासारखा हात घातला, याची लाज जास्त होती. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण सांगायला लागते तेवढीही हिंमत त्याच्याकडे उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला लोर्ना सहज म्हणाली, "तुझ्या कारवालने काल परत टोलवला वाटतं."

तुझ्या? वेंडलने घाईघाईने तक्ता उघडला. कारवाल त्याच्याच संघात होता. म्हणजे बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं! त्याने देवाचे आभार मानले. आठवड्याभरात त्याला वाटू लागलं, की आपण बटणाला हातच लावला नव्हता. महिन्याभरात खात्रीच पटली.

चार जुलैला क्लाईडच्या अंगणात सगळी मंडळी जमली, तेव्हा वेंडलचा संघ सहावा होता. हातात बर्गर धरून तो धीर या विषयावर बोलत होता. मोठा माणूस खचतो तेव्हाच त्याच्या पाठीशी राहायचं असतं, वगैरे.

क्लाईडने हात पुसले आणि खिशातून फोन काढला. "सगळ्यांची अदलाबदल इथे दिसते, ठाऊक आहे ना तुला? एकोणीस मे, सकाळी सहा बारा. वेंडलने कारवालला काढलं. एकवीस मे. वेंडलने कारवालला घेतलं."

सगळे खुर्च्या ओढून फोनभोवती जमले.

"मीही मागितला होता रे त्याला," क्लाईड म्हणाला. "पण काढलेला खेळाडू दोन दिवस लटकत राहतो, आणि तक्त्यात जो सगळ्यात खाली त्याची मागणी पहिली. मी नववा होतो. तू दहावा."

मग जो हशा पिकला, तो बराच वेळ थांबला नाही. वेंडलने लोर्नाकडे पाहिलं. ती शांतपणे बटाट्याचं सॅलड वाढून घेत होती.

घरी परतताना त्याने विचारलं, "तुला कसं कळलं?"

"पेटीत लेमन बारचं, गोडाचं कार्ड ट्यूनाच्या मागे खुपसलेलं होतं. त्याच रात्री मी कारवालला परत मागितला."

"मग बोलली का नाहीस?"

"चार जुलैपर्यंत तुझं ऐकायचं नव्हतं. बोलायचंही नाही, असं मी धरलं. दोन दिवस तुझं तोंड बघवत नव्हतं मला. पण म्हटलं, एकदा तरी वाट बघू दे याला."

वेंडलने चुकलो म्हणून सांगितलं. पेटीबद्दल, आणि बाकीच्याबद्दलही. ती म्हणाली, "नशीब तू शेवटचा होतास. एक जागा जरी वर असतास, तर गेला होता हातचा."

सप्टेंबरअखेर वेंडल सातवा आला आणि तळाशी क्लाईड राहिला. त्याने जेवणाच्या दिवशी मोकळ्या गळ्याने, बेसूर गाऊन टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते ऐकताना वेंडल सवयीने ओठ हलवत होता.

ऑक्टोबरमध्ये त्याने क्लाईडकडे जाऊन पेओनीच्या मुळाचा एक तुकडा मागितला. या वेळी मी थांबणार आहे, असंही सांगितलं. क्लाईडने आनंदाने मुळांचा गड्डा फोडून एक तुकडा दिला. लोर्नाने तो स्वतः लावला आणि भोवती कमरेइतकी तारेची जाळी ठोकली.

"सशांसाठी का?" क्लाईडने कुंपणावरून विचारलं.

"ससे पेओनीला तोंड लावत नाहीत," लोर्ना म्हणाली, आणि तिने जाळीच्या दाराला कुलूप घातलं.